कपलरभाऊ

मी कपलरभाऊंचा चेहरा पाहायच्या आधी त्यांचे तळवे पाहिले. अमरावतीला बडनेऱ्याच्या रस्त्यावरून एक गल्ली आत जाते, तिथं पत्र्याची शेड होती. शेडसमोर एक पांढरी गाडी उभी, ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं, आणि दारातून दोन पाय बाहेर आलेले. बाकीचा माणूस स्टिअरिंगच्या खाली उताणा. दाराशी त्यांच्या चपला नीट जोडीनं काढून ठेवलेल्या, कुणाच्या घरात शिरताना काढाव्यात तशा. मी हाक मारली, "भाऊ आहेत का?" आतून उत्तर आलं, "हाये, पन अर्धाच. बाकीचा गाडीत हाये. थांबा जराक."

चपलांचं मी पुढं कधीतरी विचारलं. कारण ग्रीस लागलेल्या बुटांनी बिनदिक्कत सीटवर चढणारे मेकॅनिक मी पुष्कळ पाहिले होते. म्हणाले, "लोकाईचं घरच असते ते. त्याईचे पोरं त्याच्यात झोपतात, जेवतात. आपन काहून घान न्याची अंदर?"

कपलरभाऊ हे नाव काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. गाडी दारात आली की ते नमस्कारही करत नसत, पहिला प्रश्न हाच, "कपलर कुठी हाये हिचा?" म्हणून गल्लीनं ते नाव पाडलं. कपलर म्हणजे काय ते सांगते, मलाही तोवर माहीत नव्हतं. गाडीच्या आत एक छोटा काँप्युटर असतो. त्याच्याशी बोलण्यासाठी एक सॉकेट ठेवलेलं असतं, दोन बोटं रुंद, दोन ओळींत सोळा भोकं. त्यात मेकॅनिक आपलं मशीन जोडतो आणि काय दुखतंय ते गाडी त्या मशीनला सांगते. नव्या गाड्यांत ते गुडघ्यापाशीच सापडतं. जुन्या गाड्यांचं मात्र खरं नाही. कुणाचं फ्यूजच्या डब्याआड, कुणाचं राखदाणीच्या मागं, कुणाचं हँडब्रेकखालच्या झाकणात. कपलरभाऊंनी शाळेच्या शंभर पानी वहीत पेन्सिलीनं ही सगळी ठिकाणं काढून ठेवली होती. एकेका पानावर एकेक गाडी, आणि बाण. चित्रं अशी सुबक की मी म्हटलं, भाऊ, तुम्ही ब्लाउजचे ड्राफ्ट चांगले काढले असते.

माझा धंदा तोच. मी शिवणक्लासवाली बाई, सातवी शिकलेली. गाडी शिकले अठ्ठावन्नाव्या वर्षी, आमचे हे गेल्यावर. त्यांची गाडी अंगणात उभी राहून राहून टायर बसायला लागले होते, ते बघवेना. मोठी बहीण माई अकोल्याला असते, आणि साखरेनं तिचे दोन्ही डोळे नेले. तिचे मुलगा-सून दोघं नोकरीवर. म्हणून दर गुरुवारी मी अमरावतीहून अकोल्याला जाते, तिचं डोकं धुऊन देते, आणि तिला गाडीत बसवून तासभर गावाबाहेर फिरवून आणते. काच खाली करते आणि दिसेल ते सांगत जाते. डावीकडं तूर आहे, फुलावर आलीय. एक बाई बकऱ्या घेऊन चाललीय. माई विचारते, "किती बकऱ्या?" मी मोजून सांगते. अंदाजे सांगितलेलं तिला चालत नाही. आठवड्यातून तेवढा एक तास ती घराबाहेर पडते. लोक मला म्हणतात, एसटीनं जा ना, काय अडलंय? एसटीनं मी पोचेन हो, पण माईला फिरवणार कशात?

तर एका वर्षी ऑक्टोबरच्या उन्हात गाडी रस्त्यात बंद पडू लागली. चांगली साठ-सत्तर किलोमीटर जायची आणि चालता चालता एकदम शांत व्हायची. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. दोनदा मूर्तिजापूरच्या पुढं झालं, ते मी निभावलं. तिसऱ्यांदा माई गाडीत होती. रणरणतं ऊन, सावलीला एक झाड नाही, आणि माझी आंधळी बहीण पदरानं वारा घेत मला समजावतेय, "मी काय, घरी बी बसूनच राह्यते अन् इथी बी बसूनच हाये. तू कायजी नोको करू." त्या दिवशी भाचा मला बाजूला घेऊन अगदी नरमाईनं म्हणाला, "मावशी, आता आईले गाडीत नोका नेऊ." त्यानं ते पुण्याला माझ्या मुलालाही कळवलं. संजूनं दोन दिवसांत परतवाड्याचा एक गिऱ्हाईक शोधला आणि फोनवर सांगितलं, "आई, मी शनिवारी येतो. रविवारी तो माणूस गाडी घेऊन जाईल. फार जुनी झाली ती."

माझ्या हातात आठ दिवस होते. तोवर मी तीन गॅरेजं करून चुकले होते. एकानं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं पेट्रोलचा पंप, तिसऱ्यानं प्लग बदलले आणि वर सांगितलं की मावशी, ही गाडी इतकी जुनी आहे की हिला स्कॅनिंगचं सॉकेटच नाही. शेवटी माझ्या क्लासमधल्या एका मुलीच्या नवऱ्यानं, तो दर्यापूरला प्रवासी जीप चालवतो, मला हा गल्लीतला पत्ता दिला. एकटी जायला नको म्हणून शेजारच्या वकीलसाहेबांना सोबत घेतलं.

ते पाय गाडीतून निघाले, चपलांत गेले, आणि वर एक साठीचा, काटक, पांढऱ्या मिशीचा माणूस उभा राहिला. वकीलसाहेबांनी लगेच सुरुवात केली, "त्याचं काय आहे, गाडी अचानक..." कपलरभाऊंनी हात वर केला. "तुमी चालवता का साहेब?"

"नाही, पण..."

"मंग बाईले बोलू द्या. ज्याच्या पायाखाली गाडी, त्यालेच समजते."

आणि त्यांनी मला असे प्रश्न विचारले, जसे आजवर कुणी विचारले नव्हते. बंद पडायच्या आधी झटके देते की गपकन जाते? एसी चालू होता? सकाळच्या गारव्यात कधी बंद पडली? थंड झाल्यावर पहिल्या चावीत लागते की तिसऱ्या? मी सांगत गेले, ते ऐकत गेले, मध्ये एकदाही "असं होत नसते मावशी" म्हणाले नाहीत. आधीच्या तिघांनी पहिल्यांदा बॉनेट उघडलं होतं. ह्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. "आधी गाडीले इचारू," म्हणाले, "काय बदलाचं ते मंग पाहू. न इचारता बदलाले काय, कोनीबी बदलते."

हे विचारणं त्यांच्या अंगातच होतं. तरुणपणी ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत. ते दिवस गेल्यावर गाड्यांच्या वायरिंगमध्ये आले, आणि पन्नाशीनंतर हे स्कॅनर शिकले. शिकले कुठं, तर मोबाइलवर. परदेशातल्या मेकॅनिकांचे व्हिडिओ ते आवाज बंद करून पाहत. मी म्हटलं, आवाज का बंद? "त्याईची भाषा मले समजत नाई, पन त्याईचे हात समजतात. आवाज असला की ध्यान तिकडं जाते." जे समजलं नाही ते तसं सांगायची त्यांना लाज नव्हती. एका डॉक्टरांची भारी गाडी त्यांनी दोन दिवस पाहून परत केली. म्हणाले, "साहेब, हे माह्या डोक्याच्या वर हाये, नागपूरले न्या." डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "त्याईनं बी मले एकदा असंच नागपूरले पाठवलं होतं."

तर माझ्या गाडीचा कपलर. चपला काढून ते आत शिरले. स्टिअरिंगखाली चाचपलं, फ्यूजच्या डब्यामागं पाहिलं, राखदाणी ओढून काढली. मग तोंडात टॉर्च धरून पुन्हा उताणे झाले आणि आत खोलवर हात घातला. मग एकदम हात मागं ओढला आणि बोटं नाकाशी नेली. बाहेर येऊन त्यांनी आधी वकीलसाहेबांकडं पाहिलं. "साहेब, तेवढा कोपऱ्यावर चाहा सांगा ना, तीन." वकीलसाहेब गेल्यावर हळूच मला म्हणाले, "बाई, अंदर बिब्बा कोनं बांधला?"

बांधला मीच होता. पहिल्यांदा एकटी अकोल्याला निघाले तेव्हा, दृष्ट लागू नये म्हणून. आमच्या ह्यांना असलं काही चालत नसे, ते नव्हते तरी त्यांच्याच गाडीत उघड बांधायची हिंमत झाली नाही. संजू हसला असता तो वेगळा. म्हणून काळ्या फडक्यात पाच बिब्बे गुंडाळून मी ते आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एका प्लॅस्टिकच्या आकड्यासारख्या गोष्टीला बांधून टाकले होते, आणि नंतर विसरूनही गेले.

"मीच," मी म्हटलं. "भीती वाटत होती."

"दोऱ्यात ओवले होते?"

"हो. दाभणानं टोचून."

"मंग गयले असन ते. उन्हायात गाडीची भट्टी होते. सारं तेल कपलरात उतरलं. डांबर भरल्यावानी झालं हाये. ह्या पोट्ट्याईले वाटलं कपलरच नाई."

मी मान खाली घालून उभी. मला वाटलं आता हा माणूस हसेल, नाहीतर भाषण देईल. कपलरभाऊ स्वतः अशातलं काही मानत नसत. चौदा एप्रिलला शेड बंद ठेवून पांढरा सदरा घालून निघणारा माणूस, त्याच्या घरात बिब्बा औषधालाच असेल. पण ते म्हणाले, "भेवाचं काई वाईट नाई बाई. बांधाची जागा तेवढी चुकली." आणि ती पुडी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. वकीलसाहेब चहा घेऊन आले तेव्हा त्यांना एवढंच कळलं की कपलर सापडला, मळ फार होता.

पेट्रोल आणि जुना टूथब्रश घेऊन ते तासभर एकेक भोक साफ करत होते. बिब्बा कुणाला सोडत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन बोटांवर उतला, चांगले फोड आले. मी खोबरेल घेऊन गेले, तर बोटं दाखवून म्हणतात, "बावीस वर्सं झाले ह्या धंद्यात. पयला पेशंट हाये, डाक्टरले चावनारा!"

कपलर साफ झाला, मशीन जोडलं, पण मशीनला गाडीची भाषा कळेना. भाऊंना त्याचं नवल वाटलं नाही. ह्या वयाच्या काही गाड्या नव्या मशीनशी बोलत नाहीत, म्हणाले, त्यांची जुनी रीत वेगळी आहे. त्यांनी वही उघडून पान पाहिलं, वायरीचा वीतभर तुकडा घेतला आणि कपलरची दोन ठराविक भोकं त्यानं जोडली. "कोनतेबी दोन जोडले तं काँप्युटर जयते," हे मला तेव्हाच बजावून सांगितलं. असं जोडून चावी फिरवली की समोरचा इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकतो, मध्ये किती थांबतो, त्यावरून आकडा निघतो. तो वहीत पाहायचा.

त्यांनी चावी फिरवली. समोर पाहिलं. "दिवा कुठी हाये?"

मी म्हटलं, "तिथंच आहे."

"दिसत नाई."

आता सांगणं भागच होतं. "टिकलीखाली आहे."

झालं होतं असं की तो दिवा दोन महिन्यांपासून सारखा पेटलेला राही आणि माझ्या डोळ्यांत खुपे. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, तसं काही नसतं मावशी, दुर्लक्ष करा. मग मी पर्समधली मोठी मरून टिकली काढून त्याच्यावर चिकटवली होती. ह्या वेळी वकीलसाहेब समोरच होते, ते खो खो हसले. कपलरभाऊंनी नखानं टिकली अलगद काढून माझ्या हातावर ठेवली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "कपलरचं तोंड बंद. दिव्याचा डोया बंद. मंग ते गाडी बोलन कशी, बाई?" आणि मग स्वतःच असे हसू लागले की मिशी थरथरली. मलाही हसू आलं. काय करणार!

मोजायची त्यांची एक शिस्त होती. एकट्यानं कधी मोजायचं नाही. दोघांनी मोजायचं, तोंडानं एक अक्षर बोलायचं नाही, आपापलं लिहायचं आणि मग दाखवायचं. जुळलं तर खरं, नाही जुळलं तर पुन्हा. दुसरा माणूस ते गाडीवाल्यालाच करत, मग तो कुणी का असेना. मी पर्समधून शिंपीखडू काढला आणि शेडच्या पत्र्यावर लिहिलं, दोन आणि तीन. त्यांनी तळहातावर पेननं लिहिलं होतं, दोन आणि तीन. वहीत त्या आकड्यापुढं लिहिलं होतं, क्रँक सेन्सर. इंजिनचा दांडा फिरतोय की नाही हे काँप्युटरला सांगणारा हा एवढासा भाग. तो गप्प बसला की काँप्युटरला वाटतं इंजिन थांबलंय, आणि तो पेट्रोलच बंद करतो.

मी म्हटलं, "मग बदला की आता!" त्यांनी नकारार्थी मान हलवली. "कोड म्हंजे निकाल नाई बाई, तक्रार हाये. तक्रार खरी का खोटी ते पाहा लागते." सेन्सर खोलून मीटर लावला, तो ठीक निघाला. माझं तोंड उतरलं. मग त्यांनी चहाच्या टपरीवरून पातेलंभर उकळतं पाणी आणवलं, सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात बुडवला आणि पुन्हा मीटर धरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आणि मीटरवरचा आकडा गेला. पाणी निवलं तसा आकडा परत आला. "पायलं? थंडा असला की बोलते, तापला की मुका होते. तुमच्या मूर्तिजापूरच्या रस्त्यावर हेच होऊन राह्यलं होतं." तीन गॅरेजांना जे कळलं नाही ते मला, सातवी शिकलेल्या बाईला, चहाच्या पाण्यात दिसलं.

नवा सेन्सर नागपूरहून शुक्रवारी आला. त्यांनी तो बसवला, जुना कोड पुसला, आणि शनिवारी भर दुपारी मला गाडी तापवून आणायला सांगितलं. कोड पुसण्याविषयी त्यांचं मत पक्कं होतं. दर्यापूरचा तो आमचा जीपवाला दिवा लागला की बॅटरीची वायर काढून घालायचा, दिवा विझायचा. त्याला ते माझ्यासमोर झापत होते, "तक्रारीची वही फाडली, तं तक्रार मिटली का बे?" मी दुपारी दोन तास गाडी पळवून आले, एसी लावून. आल्यावर आम्ही पुन्हा मोजलं. ह्या वेळी वायर जोडायला त्यांनी मला खाली वाकवलं. गुडघे कुरकुरले, पण कपलर हाताला लागला. दिवा एकसारखा लुकलुकत राहिला, म्हणजे तक्रार नाही.

रविवारी परतवाड्याचा माणूस आला. संजू आदल्या संध्याकाळीच आला होता. गिऱ्हाइकानं एक चक्कर मारली आणि उतरताना चेहरा खुललेला. गाडी तर एक नंबर झालीय, आजच नेतो म्हणाला. बघा कशी गंमत, गाडी दुरुस्त झाली म्हणून ती जास्तच जायला निघाली! तेवढ्यात कपलरभाऊ आपल्या मोपेडवर हजर. सेन्सर बसवल्यावर दोन दिवसांनी घरी येऊन पुन्हा तपासतो असं ते म्हणाले होते. गिऱ्हाइकानं त्यांना विचारलं, "मिस्त्री, काई लपवलं तं नाई?" मला वाटलं आता तरी काहीतरी खोट सांगावी. पण ते म्हणाले, "नाई. चांगली हाये. घ्याची असन तं घ्या." मला त्या क्षणी त्यांचा रागच आला.

मग ते संजूकडं वळले. "भाऊ, तुमच्या गाडीचा कपलर कुठी हाये?"

"म्हणजे?"

"पुन्याच्या गाडीचा. दिवा लागला तं काय करसान?"

"सर्व्हिस सेंटरला फोन करीन."

"बरोबर. बाई, तुमी दाखवा."

मी पदर खोचला, दाराशी गुडघे टेकले, वायर जोडली, चावी फिरवली. संजूला म्हटलं, मोज, मोठ्यानं नाही, मनात. त्यानं मोजलं, मीही मोजलं, जुळलं. तो माझ्याकडं बघतच राहिला. "आई, तुला हे येतं?"

"ह्या आठवड्यापासून."

"पण रस्त्यात पुन्हा बंद पडली तर?"

"तर का बंद पडली ते मला कळेल. आधी कळत नव्हतं."

संजू गिऱ्हाइकाला "उद्या कळवतो" म्हणाला, आणि आम्ही माय-लेक अकोल्याला निघालो. माईला घेऊन गावाबाहेर गेलो. ती माझ्याशेजारी, संजू मागं. दर दोन मिनिटांनी तो "आई, ट्रक", "आई, हळू" करत होता. माई वैतागली. "संजू, तू बकऱ्या मोज. तुह्या मायले गाडी चालवू दे." आणि माझा इंजिनिअर मुलगा खरंच मोजायला लागला. अकरा निघाल्या. माई म्हणाली, पुन्हा मोज. परत आल्यावर अंगणात उभं राहून त्यानं परतवाड्याला फोन केला, गाडी द्यायची नाही म्हणून.

पुढं चार वर्षं मी वर्षातून दोनदा तरी त्या शेडमध्ये जात राहिले, कधी गाडीसाठी, कधी नुसती. लोकांना ते तुसडे वाटत. कुणी मोबाइलवर स्वतःच कोड काढून आणला आणि "हा पार्ट बदला" म्हणाला, की ते त्याला परत पाठवत, "मंग तुमीच बदला ना बाप्पा, मी कायले पायजे?" चहा तसाच काळ्या हातांनी पीत. मी ओरडले की म्हणत, हात धुतला की चहाची चव जाते.

मग त्यांची नजर कमी होऊ लागली. वहीतले स्वतःचेच बाण दिसेनात. मोजताना ते आता दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबू लागले, आणि हे त्यांना स्वतःलाच चालेना. एका शुक्रवारी त्यांनी शेडला कुलूप लावलं ते लावलंच. त्यांची मुलगी अकोल्याला नर्स आहे, ती न्यायला येणार होती. मी म्हटलं, तिला कशाला त्रास, मी गुरुवारी जातेच आहे.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला होता, झोपेतच गेले म्हणाली. पण माझ्या मनात ते राहिलेत ते त्या गुरुवारचे.

एक पिशवी आणि एक छत्री घेऊन ते माझ्याशेजारी बसले. बडनेरा मागं पडेपर्यंत कान टवकारून ऐकत होते. "मागचं डावं बेअरिंग जराक बोलून राह्यलं. घाई नाई, दिवाळीनंतर पाहा." मी बरं म्हटलं. मूर्तिजापूर गेलं. मी सहज बाजूला पाहिलं तर कपलरभाऊ झोपले होते. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हात पिशवीवर सैल पडलेले.

माझ्या गाडीत तोवर कुणी झोपलं नव्हतं. संजूचा उजवा पाय अजूनही खालच्या मॅटवर ब्रेक शोधत असतो. वकीलसाहेब वरची कडी सोडत नाहीत. आणि गाडीत काय काय बिघडू शकतं हे ज्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं, तो माणूस ऐंशीच्या वेगात घोरत होता. एसीचा झोत त्यांच्या तोंडावर येत होता, तो मी वळवला. अकोल्याच्या अलीकडं पूल आहे, त्याच्या सांध्यावर गाडी दणकते. तिथं मी मागचा ट्रक पुढं जाऊ दिला, दुसरा गिअर टाकला आणि चाकं एकेक करून अलगद पार नेली.